गाडीची विचारपूस : पद्मिनीचं इंजिन अंगणात उतरवताना

मागच्या अंकात मी जुन्या फियाटच्या, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या, कार्बोरेटरबद्दल लिहिलं होतं, कार्बोरेटर घरी साफ करता येतो असं, आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी कार्बोरेटरची नाहीतच, ती आहेत इंजिन खाली उतरवण्याबद्दल. लोकांना आता थेट मोठं काम काढायचंय. चांगलंच आहे की, कुर्ल्याला बनलेली ही गाडी आपल्याच हातांनी जगणार आहे, कंपनी काही परत येणार नाही. पण कार्बोरेटर मांडीवर घेऊन साफ करता येतो, इंजिन नाही, म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देतोय.

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): नमस्कार काका. माझ्याकडे आजोबांची १९७६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. निळा धूर मारते, ऑइल खाते. मेकॅनिक म्हणतो इंजिन खाली घ्यावं लागेल. मला आणि माझ्या दोन मित्रांना हे घरीच करायचंय, अंगण मोठं आहे, आंब्याचं झाड पण आहे फांदीला चेन पुली लावायला. पाने सगळे आहेत. कुठून सुरुवात करू?

उत्तर: सुरुवात इंजिन न उतरवता करा. खरंच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच, कुठून येतंय ते अजून कळलेलं नाही. उतारावर पाय सोडून गाडी येऊ द्या आणि परत ॲक्सिलरेटर दाबा, त्या क्षणाला धुराचा एक भपका येऊन थांबला तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर, आणि चढाला, लोडवर, सतत धूर येत असेल तर रिंग-पिस्टनवर. मग कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा, चारही प्लग काढून, आणि जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं काम निघालं तर हेड गाडीतच उतरतं, हे १०८९ सीसीचं साधं पुशरॉडचं इंजिन आहे, खाली ब्लॉक बिडाचा आणि वर हेड ॲल्युमिनियमचं, आणि बॉनेटखाली हात घालायला जागाही भरपूर. त्यामुळे अर्ध्या लोकांचं काम तिथेच संपतं. तुमचं बोअरचंच, म्हणजे सिलिंडर आणि रिंगा-पिस्टनचंच, काम निघालं असं धरून पुढचं लिहितो.

आंब्याची फांदी विसरा. मला माहितीये गावोगावी पन्नास वर्षं असंच चाललं, मी स्वतः चिंचेखाली, आंब्याखाली इंजिनं उतरवलेली आहेत. पण फांदी आतून पोकळ आहे का, कीड लागलीये का, हे बाहेरून दिसत नाही, आणि फांदी मोडते ती कुरकुर करत नाही, एकदम मोडते. शिवाय इंजिन वर गेल्यावर गाडी मागे ढकलायची तर फांदी झोके घेते आणि इंजिनही. तालुक्याच्या गावात सुद्धा आता इंजिन क्रेन भाड्याने मिळते, ती चाकांवरची, हायड्रॉलिक पंपाची, जिचे पाय गाडीच्या खाली जातात. ती आणा. फक्त एक बघा, तिच्या दांड्यावर वेगवेगळ्या भोकांपाशी वेगवेगळं वजन लिहिलेलं असतं. दांडा आत असताना दोन टन लिहिलेली क्रेन पूर्ण बाहेर काढल्यावर अर्ध्या टनाचीच राहते, आणि गाडीच्या नाकावरून आत पोचायला दांडा बाहेर काढावाच लागतो, त्यामुळे तुम्हाला कामाचा आकडा तो शेवटच्या भोकाचा. इंजिन आणि गिअर बॉक्स मिळून दोनशे किलो धरून तयारी करा, कमी भरलं तर बरंच. आणि क्रेनची चाकं मातीत फिरत नाहीत, अंगण शेणाने सारवलेलं किंवा मुरमाचं असेल तर काम फरशीवर किंवा कोब्यावर घ्या. हे सगळ्यात जास्त लोक विसरतात, इंजिन हवेत आणि क्रेनचं चाक रुतलेलं, मग सगळे मिळून धक्का देतात आणि तिथेच अपघात होतो.

आता आदल्या दिवसाची कामं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे. बॅटरीची आधी अर्थची, म्हणजे मायनसची वायर काढा आणि मगच प्लसची, कारण उलट केलं आणि पाना बॉडीला लागला तर जी ठिणगी उडते ती पेट्रोलच्या गाडीत नकोच. बॅटरी गाडीतून बाहेरच काढून ठेवा. बोटातली अंगठी, हातातलं कडं, गळ्यातली चेन, मनगटाचा धागा सगळं काढून घरात. लुंगीवर काम करू नका, पायात चप्पल तर अजिबात नको, जाड तळाचे बूट.

पेट्रोलला मी सगळ्यात जास्त घाबरतो, इंजिनच्या वजनापेक्षा पण जास्त. या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनवरच बसलेला असतो, त्यामुळे पाइप काढला की पेट्रोल येणारच. त्याचा वास म्हणजे वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत लांब जाते, पार अंगणातल्या चुलीपर्यंत नाहीतर बाथरूमच्या गॅस गिझरपर्यंत. त्यामुळे पाइप काढायच्या आधी घरात सांगून ठेवा, चूल नको, बंब नको, निरांजन ओसरीवर नको, आणि अंगणात कोणी विडी सिगरेट ओढणार नाही. आलेलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात धरा आणि झाकण लावून लांब ठेवा, टाकीकडच्या पाइपाच्या तोंडात त्याच मापाचा बोल्ट घालून क्लिप आवळा, चिंधी कोंबू नका, चिंधी पाझरते. जवळ आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीला उपयोगाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. उजेडाला बॅटरीवरचा एलईडी दिवा घ्या, वायरवर लोंबणारा जुना बल्ब नको, तो फुटला की झालं.

रेडिएटरचं पाणी गार गाडीतच काढा. त्यात कूलंट असेल तर भांड्यात धरा, ते चवीला गोड असतं आणि कुत्री मांजरं पितात नि मरतात, जमिनीवर सोडू नका. ऑइल काढा. मग रेडिएटर, पंखा, एअर फिल्टर, कार्बोरेटर, डायनमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर, सायलेन्सरचा पुढचा पाइप. मॅनिफोल्डच्या नटांना दोन दिवस आधीपासून सकाळ संध्याकाळ गंज सोडवणारा स्प्रे मारत जा, घाई केली तर स्टड मोडतो आणि मग मोडका स्टड हेडमधून काढत बसा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर नाव, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, आणि सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या कांड्यांचे फोटो चारही बाजूंनी काढा, त्या कांड्या परत बसवताना भले भले गोंधळतात. बॉनेट पण काढा, काढण्याआधी बिजागरांच्या कडेने मार्करची रेघ ओढून ठेवा म्हणजे परत तिथेच बसेल.

गिअर बॉक्स गाडीतच ठेवून नुसतं इंजिन काढणार असाल, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सांगेन, तर गिअर बॉक्सखाली आधी टेकू द्या. जॅक लावून वर लाकडी फळी, आणि जॅकच्या शेजारी पक्का स्टँड. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, आतलं सील कधी बसेल सांगता येत नाही. विटा नकोत, सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते दाबाखाली भुगा होतात. ज्याला गाडीखाली जायचंय त्याने स्टँड लागल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघायची आणि मगच आडवं व्हायचं. अजून एक, पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीच चासी आहे, त्यामुळे गंजलेल्या पत्र्यावर जॅक लावला तर तो पत्र्यातून आत जातो. आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा.

साखळी कुठे बांधायची? हेडच्या टॅपेट कव्हरच्या स्टडना नाही, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे उपटून येतात. इनटेक मॅनिफोल्डला नाही. माझी पसंती वजन छापलेल्या पट्ट्याला, तो रुंद बेल्ट मिळतो ना तो, एक पुढून एक मागून ब्लॉकच्या खालून, चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्याच्या, पत्र्यावर वजन न येईल असा, आणि जिथे धारदार कड लागते तिथे गोणपाटाची चौपदरी घडी. दोन्ही पट्टे वर हुकाकडे उभे जायला हवेत. आडवे पसरले तर त्यांच्यावरचा ताण वाढतो, जमिनीपासून फक्त तीस अंशाचा कोन राहिला तर प्रत्येक पट्ट्यावर इंजिनचं अख्खं वजन येतं, अर्धं नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतोय ते पण सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा एका गॅरेजात आम्ही नायलॉनच्या दोराने इंजिन वर घेतलं होतं. दोर ब्लॉकच्या कडेवर घासला आणि तुटला. इंजिन जेमतेम दोन फूट वर होतं. माझ्या बरोबरचा मुलगा, माझ्याच वयाचा, त्याने पडणारं इंजिन धरायला हात पुढे केला. विचार करून नाही केला, आपोआप गेला हात. उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची. इंजिनला काय झालं, चेंबरचा पत्रा चेपला, जुन्या बाजारातून दुसरा आणून टाकला. तेव्हापासून मी प्रत्येकाला कामाच्या आधी तोंडाने म्हणायला लावतो, पडलं तर पडू देऊ. तुम्ही तिघांनीही म्हणा, मोठ्याने म्हणा, कारण ते आधी ठरवलेलं नसेल तर ऐन वेळी हात पुढे जातोच.

उचलायच्या दिवशी तिघं पुरे, पण बोलणार एकच. एक क्रेनच्या दांड्यापाशी, एक इंजिनच्या बाजूला हलकेच दिशा द्यायला, तिसरा नुसता बघायला की कुठे काय अडकतंय. थांब म्हणायचा हक्क मात्र तिघांनाही. पट्टे जरा ताणले की थांबा, मग फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, बोल्ट काढा, बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअर बॉक्सचं घंटेसारखं तोंड इंजिनला जोडणारे, शेवटचे दोन काढा. आता इंजिन आधी पुढे सरकवायचं, वर नाही. गिअर बॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत सरळ पुढे. येत नसेल तर पहार घालू नका, एखादा बोल्ट राहिलाय, हमखास राहिलेला असतो, वरच्या बाजूला न दिसणारा. शाफ्टवर इंजिनचं वजन लटकलं तर क्लच प्लेट वाकते. ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या फटीत बोट घालून चाचपायचं नाही, फट दिसायला स्थिर दिसते आणि एका झटक्यात मिटते. सुटलं की चार बोटं वर, थांबा, सगळीकडून बघा, अर्थची पट्टी राहिलीये का, टेंपरेचरची वायर राहिलीये का, मग परत चार बोटं. गाडीच्या नाकावरून पार झालं की क्रेन ओढत अंगणभर फिरू नका, गाडी मागे ढकला आणि इंजिन तिथल्या तिथे खाली घ्या, जुन्या टायरवर फळ्या टाकून. वर लटकत ठेवून चहाला जायचं नाही.

क्लच उघडताना धूळ हवेने उडवू नका, फुंकू पण नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाण्याने ओलं करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): आमच्या ह्यांनी पार्किंगच्या स्लॅबला पंख्यासाठी सोडलेला हूक आहे, त्याला चेन पुली लावून डुक्कर फियाटचं, म्हणजे पद्मिनीच्याही आधीच्या त्या गोल फियाटचं, इंजिन काढायचं ठरवलंय. मला भीती वाटते पण सांगितलं तर म्हणतात तुला त्यातलं कळत नाही. खरंच धोका आहे का?

उत्तर: ताई, तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे, हे पान त्यांच्यासमोर ठेवा. तो हूक पंख्यासाठी आहे, चार पाच किलोच्या. बांधकामाच्या वेळी तो सळईला नीट अडकवलाय का नुसता काँक्रीटमध्ये खुपसलाय हे कुणालाच माहीत नसतं, आणि चेन पुलीने ओढताना वजन नुसतं टांगलेलं नसतं, झटके बसतात. इंजिन अडकलं असेल आणि वरून ओढत राहिलं तर हुकावर इंजिनच्या वजनापेक्षा जास्त ताण येतो. शिवाय तो स्लॅब म्हणजे वरच्या कुटुंबाची जमीन आहे. जुन्या वाड्यातली तुळई असेल तरी माझं उत्तर हेच, वाळवीने आतून खाल्लेली तुळई बाहेरून ठणठणीत दिसते. त्यांना म्हणावं क्रेन भाड्याने घ्या, आणि ती आली की तुम्ही शेजारी उभ्या राहा, पट्ट्यावर किती वजन छापलंय ते तुम्ही वाचा. एवढी जुनी गाडी त्यांनी जपलीये, डुक्कर फियाट आता रस्त्यावर दिसते कुठे, त्याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे.

प्रश्न (रत्नागिरीजवळून एक वाचक): वडिलांची पद्मिनी पंधरा वर्षं खोपीत उभी आहे. इंजिन जाम. भाऊ म्हणतो ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकू, सुटेल. नाहीतर इंजिन उतरवू. काय करावं?

उत्तर: ट्रॅक्टरने ओढू नका हो. बोअरला गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात, तशात जोराने फिरवलं तर रिंगा मोडतात, पुशरॉड वाकतात, आणि जे इंजिन वाचलं असतं ते भंगारात जातं. तुमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पंधरा वर्षं म्हणजे खूप झाली, पण आशा सोडू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात पातळ ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं करून सोडा आणि आठवडाभर हात लावू नका, मध्ये मध्ये परत थोडं सोडा. मग गाडी न्यूट्रलला आणि क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावून हाताने, नुसतं मागे पुढे, केसभर. हललं की परत ऑइल, परत वाट बघा. मला महिना लागलाय एका गाडीला आणि शेवटी सुटली ती. सुटल्यावर प्लग न लावता फिरवा, उडणारं ऑइल तोंडावर येतं, समोर उभे राहू नका. महिन्यानेही हललं नाही तर हेड काढा, मग उतरवायचा विचार. आणि बॉनेट उघडण्याआधी काठीने आपटा, हातात जाड मोजे घाला, उंदरांची घरटी असतात आणि उंदरामागे जनावर येतं, कोकणात हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): इंजिन उतरवलंय, ब्लॉक तडकलेला निघाला. दुसरा ब्लॉक मिळतोय. कागदपत्रांचं काय? गाडी १९७४ ची आहे, व्हिंटेज म्हणून नोंदवायची इच्छा आहे.

उत्तर: आधी जुन्या ब्लॉकवरचा इंजिन नंबर फोटो काढून ठेवा आणि कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या, ब्लॉक घासून साफ करण्याच्या आधी. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला तर आरटीओत जाऊन नवीन नंबर चढवून घ्यावाच लागतो, विमा कंपनीलाही कळवा. ब्लॉक विकणाऱ्याकडून बिल घ्या, ज्या गाडीचा आहे तिचे कागद बघा, नाहीतर चोरीच्या गाडीचा नंबर तुमच्या बॉनेटखाली येऊन बसायचा. व्हिंटेजचा केंद्राचा नियम २०२१ मध्ये आला, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या, धंद्याला न लावलेल्या गाड्यांसाठी. तुमची गाडी वर्षाच्या हिशोबात बसते, पद्मिनी हे नाव मिळालं तेही १९७४ मध्येच. पण मूळ रूप या शब्दावर अधिकारी बोट ठेवू शकतात, म्हणून ब्लॉक त्याच जातीचा घ्या, आणि तडकलेला ब्लॉक फेकू नका. बिडाच्या तडा शिवणारे, वेल्डिंग करणारे कारागीर अजून आहेत, आधी त्यांना दाखवा, तड पाण्याच्या जॅकेटची असेल तर पुष्कळदा दुरुस्त होते. माझं मत विचाराल तर नंबर जुळणारा दुरुस्त ब्लॉक दुसऱ्या गाडीच्या चांगल्या ब्लॉकपेक्षा कधीही बरा.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): काढलेलं जळकं ऑइल गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी लावलं तर चालेल का? आजी लावायची.

उत्तर: नका लावू. आपल्या सगळ्यांच्याच आज्या लावायच्या, पण जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचा अंश आणि जळून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात, गाईगुरं लाकूड चाटतात, पावसाने ते विहिरीकडे उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पेट्रोल किंवा कूलंट मिसळू देऊ नका, आणि जे मोठं गॅरेज आपलं जळकं ऑइल अधिकृत रीसायकलवाल्याला देतं तिथे नेऊन द्या. ऑइल फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा ठेवा, त्यातूनही बरंच निथळतं, तेही त्याच कॅनमध्ये. वाळवीसाठी कृषी सेवा केंद्रात विचारा, गोठ्यासाठी हवंय हे सांगून विचारा.